बहिष्कार घालायचाय? आधी पाकीट उलटं करा

मे २०२५ मधली गोष्ट. भारत-पाकिस्तान संघर्षात तुर्कस्तान पाकिस्तानच्या बाजूने बोलला होता. एकाच सकाळी तीन गिऱ्हाइकं एकच मागणी घेऊन दुकानात आली. "वहिनी, तुर्कस्तानचं काय काय आहे तुमच्याकडे? काढून टाका." एकाला जर्दाळूची बरणी दिसली, दुसऱ्याला सुके अंजीर. तिसरे आमचे जुने मास्तर. त्यांनी सैंधवाच्या डब्याकडे बोट केलं. "मास्तर, सैंधव तुर्कस्तानचं नसतं," असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि ते कुठलं असतं ते आठवून पुन्हा मिटलं. उपवासाला चालणारं ते मीठ पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीतलं होतं. आदल्या वर्षीचा साठा, पैसे कधीच चुकते केलेले.

सांगलीच्या गणपती पेठेत आमचं किराणा आणि सुकामेव्याचं दुकान आहे. सासरे, म्हणजे अण्णा, गेले त्याला एकवीस वर्षं झाली, तेव्हापासून गल्ल्यावर मी बसते. एवढ्या काळात पुलवामा, गलवान, गाझा, पहलगाम आणि २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर लावलेला पन्नास टक्के कर, असे पाच बहिष्कार या काउंटरवरून गेले. काही मी पाळले, काही नाही, आणि एक चुकीच्या पद्धतीने पाळला. म्हणून बहिष्कार घालावा की घालू नये, यावर मी बोलणार नाही. तो ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न. घालायचाच असेल तर कसा घालावा, एवढं मात्र दुकानदार म्हणून सांगता येईल.

माल कुठला, ते स्वतः बघा

८६९ म्हणजे तुर्कस्तान, ६९० म्हणजे चीन, ८९० म्हणजे आपला देश, असा बारकोडचा एक मेसेज दर लढाईला नव्याने फिरतो. त्यावर जाऊ नका. कंपनीने बारकोडची नोंदणी कुठे केली, एवढंच त्या आकड्यावरून कळतं. इथल्याच कंपनीने चीनमधून दिव्यांच्या माळा आणून आपल्या खोक्यात भरल्या तर त्यावर ८९० येणार, आणि बघणारा खूश होऊन घेणार.

त्यापेक्षा पाकीट उलटं करा. मागे बारीक अक्षरांत मूळ देश लिहिलेला असतो, आणि त्याच्या आसपास आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता. बाहेरून आलेल्या बंद पाकिटावर हे छापणं कायद्याने बंधनकारक आहे. चष्मा लागतो, पण असतं. सुट्या मालाला अशी सोय नाही. तिथे दुकानदाराला सरळ विचारायचं, "बिल दाखवता?" चांगला दुकानदार चिडत नाही. चिडला तर तेही एक उत्तरच झालं.

बिलावरसुद्धा आंधळा विश्वास ठेवू नका. खारकेचं उदाहरण सांगते. आपल्याकडे ओटीत हळकुंड, सुपारी, बदाम आणि खारीक घालतात. ही खारीक वर्षानुवर्षं मुख्यतः सिंधमधल्या खैरपूरकडून यायची. लेकीच्या ओटीत सांगलीचं हळकुंड आणि सिंधची खारीक शेजारीशेजारी पडायची, कुणाच्या मनातही यायचं नाही. पुलवामानंतर, फेब्रुवारी २०१९ मध्ये, पाकिस्तानी मालावर दोनशे टक्के शुल्क बसलं. खारीक बंद झाली का? नाही. ती दुबईमार्गे यायला लागली आणि बिलावर गाव बदललं. २ मे २०२५ ला सरकारने पाकिस्तानचा माल थेट असो की तिसऱ्या देशातून, सगळाच बंद केला. तरी जूनमध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने न्हावा शेवा बंदरात अशा मालाचे ३९ कंटेनर पकडले. १,११५ टन माल, किंमत सुमारे ९ कोटी, त्यात खारीकही होती. कागदावर सगळा अमिरातीचा.

इथे एक फरक ध्यानात ठेवा. सरकारने माल बंद केला की तो कायदा झाला, तिथे तुमच्या-माझ्या सद्सद्विवेकाला काम उरत नाही. माल आणायला मोकळीक आहे आणि तरी आपण घेत नाही, तो बहिष्कार. तुर्की जर्दाळू दुसऱ्या प्रकारातला. तो कुणीही बंद केलेला नव्हता.

नाव एका देशाचं, पगार दुसऱ्या देशात

माल कुठला हे कळलं तरी पैसा कुठे जातो ते कळतंच असं नाही. बेको हे नाव तुर्की. पण आपल्याकडे मिळणारा व्होल्टास बेकोचा फ्रिज टाटांच्या व्होल्टासच्या भागीदारीतला, आणि तिचा कारखाना गुजरातमध्ये साणंदला. स्टारबक्स अमेरिकन खरं, पण इथे त्यात अर्धा वाटा टाटांचा. गाझाच्या युद्धानंतर अरब देशांत लोकांनी स्टारबक्स टाकलं. मार्च २०२४ मध्ये तिथली दुकानं चालवणाऱ्या कुवेतच्या कंपनीने सुमारे दोन हजार लोकांना घरी पाठवलं. सिॲटलच्या मालकाला झळ बसली असेल, पण नोकरी गेली ती कैरो-कुवेतमध्ये कॉफी देणाऱ्या पोराची.

म्हणून घेतलंच पाहिजे, असं नाही. फक्त आपण न दिलेले शंभर रुपये नेमके कुणाच्या ताटातून गेले, हे एकदा बोटांवर मोजा. पहिलं बोट नेहमी जवळच्या माणसाचं निघतं.

ते मी आमच्या कोपऱ्यावर पाहिलं. मास्तर सैंधव दाखवून गेले त्याच आठवड्यात पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंद उचलणं थांबवल्याची बातमी आली. ठोक व्यापाऱ्याने पुढचा माल नाकारणं, याला माझा आक्षेप नाही. स्वतःच्या धंद्याचा निर्णय आहे, तोटाही स्वतःचा. पण दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या चाचांच्या फळगाडीभोवती पाच-सहा पोरं जमली. गाडीवर वर आंबे, खाली सफरचंदाच्या दोन पेट्या. एका पोराने सफरचंद उचलून स्टिकर वाचलं आणि ओरडला, "हे बघ, तुर्की!" पोरगा खोटं बोलत नव्हता. माल तुर्कीच होता. पण चाचांनी तो पहाटे मार्केटातून उधारीवर उचलला होता, संध्याकाळी पैसे द्यायचे होते. तुर्कस्तानच्या शेतकऱ्याला, जहाजवाल्याला, मुंबईच्या आयातदाराला, आडत्याला, सगळ्यांना आपापला पैसा मिळालेला किंवा मिळणार. त्या साखळीत पैसे अडकलेला एकच माणूस होता, गाडीवाला.

मी पायरीवर उभी होते. हातात शेंगदाण्याची पुडी, गिऱ्हाईक समोर. एका पोराने चाचांना नाव विचारलं. कोपऱ्यावर बारा वर्षं उभ्या असलेल्या माणसाला नाव! तेव्हा कळलं की विषय सफरचंदाचा राहिला नाही. तरी मी पुडी बांधली, पैसे घेतले, सुटे दिले आणि मग गेले. तोवर पाच-सहा सफरचंदं गटारात होती. "चाचा, दोन्ही पेट्या माझ्या नावावर लिहा," म्हटल्यावर पोरं पांगली. आठवडाभर घरात सफरचंदाचा मुरंबा आणि शेजारी वाटप. लोक मला त्याबद्दल चांगलं म्हणतात तेव्हा ती बांधलेली पुडी आठवते. दोन मिनिटं आधी जाता आलं असतं.

तेव्हा दुकानात किंवा गाडीवर आधीच येऊन पडलेल्या मालाच्या मागे लागू नका. त्याचे पैसे सीमेपार गेलेत. पुढची ऑर्डर हा तुमचा विषय. दुकानदाराला विचारा, "हा संपल्यावर परत मागवणार का?" यात जोर आहे आणि कुणाच्या पोटावर पाय नाही.

माझी स्वतःची चूक याच जागची. जून २०२० मध्ये गलवानला आपले वीस जवान गेले. दिवाळीसाठी मी मिरजेच्या एका तरुण पुरवठादाराला माळांची ऑर्डर शब्दावर दिलेली होती. सप्टेंबरात तो टेम्पो घेऊन आला आणि मी म्हटलं, "चिनी आहे, नाही घेणार." दुकानात चार माणसं होती, सगळ्यांनी मान डोलावली. मला फार बरं वाटलं. त्या पोराचा पैसा अडकला तो अडकलाच. पुढच्या वर्षी तो या धंद्यात नव्हता. शब्द मी दिला होता, देशभक्ती माझी, आणि बिल त्याने भरलं. चीनला काय झालं म्हणाल, तर आपली चीनकडून आयात २०२०-२१ मध्ये सुमारे ६५ अब्ज डॉलर होती, २०२४-२५ मध्ये ११३ अब्जांच्या वर गेली.

तुम्हाला काय हवंय, ते एका ओळीत लिहा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि इथेच बहुतेक बहिष्कार ढिले पडतात. कागद घ्या आणि लिहा: कोणी, काय केलं की मी हा माल परत घेईन? ही ओळ लिहिता आली तर तुमचा बहिष्कार दबावाचा आहे. लिहिता आली नाही, तर तो निषेध आहे. निषेधातही काही कमी नाही. "यात माझा हात नको" एवढं म्हणून माणूस बाजूला होऊ शकतो. पण मग तो गप्पपणे, आपल्यापुरता करावा. मागणीच नसताना दुसऱ्याच्या दारात जाऊन आरडाओरडा करू नये.

दक्षिण आफ्रिकेचं बघा. वर्णभेदाविरुद्ध त्या देशाशी व्यापार तोडणारा पहिला देश आपला, १९४६ साली. १९५९ मध्ये तिथलेच पुढारी आल्बर्ट लुथुली यांनी बाहेरच्या लोकांना आवाहन केलं की आमच्या देशाचा माल घेऊ नका. ज्यांना सगळ्यात आधी झळ बसणार, त्यांनीच मागितलेला हा बहिष्कार. १९८४ मध्ये डब्लिनच्या एका दुकानात मेरी मॅनिंग नावाच्या गल्ल्यावरच्या मुलीने दक्षिण आफ्रिकेची फळं बिलात घ्यायला नकार दिला. तिला कामावरून घरी बसवलं, सोबतचे कामगार संपावर गेले, संप १९८७ पर्यंत चालला आणि शेवटी आयर्लंड सरकारने तिथली फळं-भाजी आणणंच बंद केलं. गल्ल्यावर बसणारी बाई म्हणून मला ही मुलगी फार जवळची वाटते. तिने गिऱ्हाइकाच्या हातातलं फळ हिसकावलं नाही, आपला हात मागे घेतला.

तुर्कस्तानच्या वेळी राग कशाचा होता? पाकिस्तानने आपल्यावर सोडलेले ड्रोन तुर्की बनावटीचे असल्याचं आपल्या लष्कराने सांगितलं आणि तुर्कस्तानचे राष्ट्राध्यक्ष एर्दोगान उघडपणे पाकिस्तानच्या बाजूने बोलले. २०२३ च्या भूकंपात आपण 'ऑपरेशन दोस्त' म्हणून पथकं आणि दवाखाना पाठवला होता, त्यामुळे तो राग दुप्पट झाला. रास्त आहे. मीही जर्दाळू बंद केला. पण जर्दाळू येतो मालात्याहून, आणि मालात्या हे त्याच भूकंपात पडलेलं गाव. शिवाय एप्रिल २०२५ मध्ये तिथे कडक दंव पडून बागाच्या बागा गेल्या होत्या. म्हणजे मी सांगलीत बरणी झाकली तेव्हा तिथल्या शेतकऱ्याकडे विकायला फळच नव्हतं. माझा निषेध त्याला दंवापासून वेगळा कळणार कसा?

पहिला तोटा आपला

अण्णांचे आजोबा १९०५ नंतरच्या स्वदेशीत विलायती साखर ठेवत नसत. दुकान गुळावर चाललं. लोक साखर मागायचे, नाही म्हटल्यावर समोरच्या दुकानात जायचे. "आजोबा समोरच्याच्या दुकानावर दगड मारायला गेले नाहीत, आपलं गिऱ्हाईक जाऊ दिलं," असं अण्णा सांगायचे. १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत काळबादेवीला विदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवा झालेला बाबू गेनू स्वतः गिरणी कामगार होता, आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा. त्याने स्वतःचा जीव मधे घातला. आपल्याकडून एवढं कोण मागतंय? पण शंभराच्या जागी दीडशेचा माल घ्यायची तयारी आहे का, एवढं तरी स्वतःला विचारा. मी पाहिलंय, स्वस्त चिनी वस्तूवरचा बहिष्कार पंधरा दिवस टिकतो आणि महागड्या फोनपर्यंत पोचत नाही.

आणि ज्यांना झळ बसते त्यांच्याकडे बघायची हिंमत ठेवा. सप्टेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी इंग्लंडला गेलेले गांधीजी मुद्दाम लँकेशरमधल्या डार्वेनला गेले. आपल्या विदेशी कापडावरच्या बहिष्काराचा फटका बसून तिथल्या गिरण्यांचे कामगार बेकार झाले होते. त्यांच्यात जाऊन गांधीजींनी हिंदुस्थानातल्या खेड्यांची उपासमार समजावली, बहिष्कार मागे घेतला नाही. कामगारांनी त्यांचं स्वागत केलं, फोटो आहेत त्याचे. ज्याचं नुकसान करतोय त्याच्यासमोर उभं राहून मला हे बोलता येईल का, हा प्रश्न मी त्यांच्याकडून उसना घेतलाय. मालात्याच्या शेतकऱ्यासमोर मला बोलता आलं नसतं. ड्रोनच्या कारखानदारासमोर आलं असतं, पण तो जर्दाळू विकत नाही.

झेंड्यामागे धंदा कुणाचा, तेही बघा, आणि सुरुवात माझ्यापासून करा. तुर्कस्तान बेदाण्यातही मोठा देश आहे. तिकडचा बेदाणा अडला की आमच्या तासगावच्या बेदाण्याला भाव येतो, आणि मी तो विकते. हिमाचलचे बागायतदार बाहेरच्या सफरचंदाला आवर घाला, असं पहलगामच्या कितीतरी आधीपासून म्हणत होते. त्यांची मागणी चुकीची नाही. फक्त ती शेतमालाच्या भावाची मागणी आहे, तशीच ऐकावी. मी स्वतः तुम्हाला "देशासाठी तासगावचा घ्या" म्हणाले, तर हसा आणि भाव करा.

दुसऱ्याच्या बहिष्कारालाही तोच न्याय

मिरजेची एक भाभी दर महिन्याला किराणा नेते. २०२३ च्या शेवटापासून तिने यादीतली थंड पेयाची मोठी बाटली खोडली. गाझामुळे. मला म्हणाली, "वहिनी, तुम्ही विका, माझं काही म्हणणं नाही. पोरांना मी कोकम सरबत देते." एवढंच. जर्दाळूची बरणी झाकल्यावर ज्यांनी माझी पाठ थोपटली, त्यातल्याच एकाने तिच्याबद्दल ऐकून नाक मुरडलं, "यात कशाला राजकारण आणायचं?" मला तरी दोघींच्या करण्यात फरक दिसला नाही. उलट तिचं जास्त नेटकं होतं. आपला वाजवी आणि दुसऱ्याचा देशद्रोह, असं वाटायला लागलं की समजा, राग मालावरून माणसावर घसरलाय.

आपल्या भाषेला तर ही घसरण चांगली ठाऊक आहे. बहिष्कार हा शब्द मराठीत आला तो मालासाठी नाही, माणसासाठी. वाळीत टाकणं, पाणी तोडणं, रोटीबेटी बंद करणं. बाबासाहेबांनी १९२७ साली पाक्षिक काढलं त्याचं नाव 'बहिष्कृत भारत'. जातपंचायतींचा हा जाच इतका चिवट निघाला की २०१६ मध्ये महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला, तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा. त्यामुळे मेसेजमध्ये 'त्यांच्याकडून काहीच घेऊ नका' असं आलं, तर 'त्यांच्या' म्हणजे कोण, हे आधी वाचा. देशाचं नाव असेल तर विचार करा. आडनावांची यादी असेल तर पुढे पाठवू नका. हैदराबादची कराची बेकरी फाळणीत सिंध सोडून आलेल्या कुटुंबाने १९५३ साली सुरू केलेली. मे २०२५ मध्ये तिच्या एका शाखेच्या पाटीची मोडतोड झाली. ज्यांना कराची सोडावी लागली, त्यांनाच.

शेवटचं, मुदत. बहिष्काराला तारीख घाला, नाहीतर तो सवय होतो किंवा विसरला जातो. मी कपाटाच्या आतल्या बाजूला चिठ्ठी चिकटवली होती, 'तुर्की जर्दाळू बंद. ३१ ऑगस्टला पुन्हा बघणे.' त्या दिवशी चिठ्ठी काढली आणि अंकाराने, म्हणजे तुर्कस्तानच्या सरकारने, एवढ्यात काय केलं याचा हिशेब मांडायला बसले. लक्षात आलं, मी मागितलंच काही नव्हतं. व्यापाऱ्याला फोन लावला. माल होता, पण हिमामुळे भाव असा चढलेला की एकच खोकं मागवलं. बरणी परत भरली आणि चिठ्ठीच्या मागे मूळ देश लिहून बरणीलाच लावली.

पहिले आले ते मास्तर. चष्मा वर करून चिठ्ठी वाचली.

"म्हणजे परत आणलंत?"

"आणलं. तुम्हाला नको असेल तर काही नाही."

ते जरा वेळ बरणीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पावशेर बेदाणे द्या. आणि ते सैंधव संपलं का हो?"

"संपलं मास्तर. आता येणार नाही."

"चतुर्थीला काय करायचं मग?"

मी बेदाणे तोलले आणि साध्या मिठाची पुडी पुढे सरकवली.